भूत नव्हे, अण्णांची पेटी

मी पेटी बोलतेय. बाजाची पेटी. आणि आधीच सांगते, माझ्यात भूतबित काही नाही. सांगून सांगून थकले!

पुण्यात एका कारागिराने मला घडवलं. अण्णांनी मला मांडीवर ठेवून विमानाने इंग्लंडात, लेस्टरला आणलं. रोज सकाळी ते मला वाजवत. त्यांच्या दोन मुली, वरदा आणि कस्तुरी, माझ्यापुढे बसून गात.

अण्णा आजारी पडले, तेव्हा कस्तुरी साउथहॅम्प्टनला होती. "बरे होतील, उगाच तिला कशाला घाबरवायचं," म्हणून वरदाने कळवलंच नाही. कस्तुरी आली ती अंत्यविधीला.

"भेटू दिलं नाहीस, ताई. निदान पेटी तरी दे."

"पेटी या घरातच राहील."

कस्तुरी धाडकन दार आपटून गेली. माझी एक पट्टी दबलेली होती, भात्याची खिटी सैल. हादऱ्याने भाता मिटला आणि मी कण्हले. वरदा पांढरीफटक पडली. "अण्णा रागावलेत!"

झालं. त्या दिवसापासून मला हळदकुंकू, उदबत्ती. वरदा रोज माझ्याशी बोले, माफी मागे. पण वाजवायचं नाव नाही! घरात दार आपटलं की मी कण्हायची आणि माझी चादर आणखी एक पदर जाड व्हायची.

मग मराठी मंडळाने नाटक बसवलं. विषय काय, तर झपाटलेली पेटी! थोरल्या बहिणीचं काम वरदाला आणि पेटीचं, चादरीसकट, मला. धाकट्या बहिणीचं काम करणारी बाई ऐनवेळी गळली. वरदाची मुलगी ईशिता हिने परस्पर कस्तुरीला फोन लावला, आपल्या लेस्टरी मराठीत. "मावशी, तू कर ना प्लीज. मी आईला काहीच नाही सांगितला."

कस्तुरी आली. तालमीत दोघी नाटकातले संवाद तेवढे बोलत. चहाचा कप हवा असला तरी दिग्दर्शक प्रणवमार्फत. आणि माझा आवाज म्हणून प्रणवने स्पीकरवर काय लावलं होतं? मांजर रडल्यासारखं काहीतरी. माझ्या नावावर!

प्रयोगात कस्तुरीने रागाने दार आपटून जायचं होतं. तिने ते खरंच आपटलं. लाकडी स्टेज हादरलं आणि मी कण्हले.

वरदा गुडघ्यांवर बसली. "अण्णा, पुरे हो आता! मी तिला कळवायला हवं होतं. चुकलं माझं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रणव विंगेतून स्क्रिप्ट हलवत होता. कस्तुरी मात्र दार उघडून परत आत आली. तिने चादर ओढली, दबलेली पट्टी नखाने उचलली.

"ताई, हे अण्णा नाहीत गं. पट्टी अडकलीय."

"मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"

"ते माझ्याशी बोलायचं होतंस ना."

प्रणवने पडदा पाडला. नाटक तिथेच संपलं.

हल्ली मी महिनाभर एकीकडे, महिनाभर दुसरीकडे असते. लेस्टर ते साउथहॅम्प्टन, गाडीच्या मागच्या सीटवर, बेल्ट लावून. दर फेरीला माझे सूर उतरतात. आणि पोचल्यावर या दोघी गप्पा मारत घरात जातात, मी गाडीतच!

बायांनो, खूप बोला. पण आधी मला आत न्या आणि एकदा वाजवा. चहा नंतर.