दुसरे गाणे

टक्. दुपारच्या सामसूम स्वयंपाकघरात माझ्या पेटीची कडी उघडली. इंगेलाने दचकून आतल्या खोलीकडे पाहिले. तिची छोटी लेक तुवा झोपेतच होती. मग तिने मला उचलून मांडीवर घेतले.

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन. आज माझा रंग उडाला असला, तरी वार्मलांड प्रांतातल्या नाचाच्या बागांमध्ये एके काळी माझाच दरारा होता. इंगेलाचे वडील एव्हर्ट यांनी तरुणपणी लाकूडतोड करून मला विकत घेतले आणि चार दोस्त जमवून 'हाल्विक्स' हा वाद्यवृंद काढला. दर उन्हाळ्यात आम्ही खडखडत्या बसमधून गावोगाव हिंडलो. सगळ्यांचे कोट एकसारखे, पिवळेधमक. ड्रमवाला स्टिग म्हणायचा, "मोहरीच्या पाच बरण्या ओळीनं मांडल्यासारखे दिसतो आपण." पण त्या बरण्या मंचावर चढल्या, की तळ्याकाठची लाकडी फरशी दणाणून जाई.

आमच्याकडे गाणी जोडीने वाजतात. एका जोडीदाराबरोबर दोन गाण्यांवर नाचायचे, मग त्याचे आभार मानून दुसरा शोधायचा. एका गाण्यावर सोडून जाणे म्हणजे भरल्या ताटावरून उठणे. एव्हर्टनी असे किती जणांना नाचवले! त्यांची बायको मेर्टा मात्र नेहमी दुसऱ्यांबरोबर नाचायची, कारण तिच्या नवऱ्याच्या छातीशी मी असायचो.

मग एव्हर्टची बोटे आखडली. दोन हिवाळे मी कपाटात पडून होतो. भात्याच्या घड्या एकमेकींना चिकटू लागल्या. माझ्या जागी विजेचा कीबोर्ड आला.

"बटण दाबलं की अकॉर्डियनचा आवाज येतो यात," गायक म्हणाला.

"उद्या कॉफीचा वासही येईल," स्टिग म्हणाला, "प्यायला नाही मिळायची."

लोकही येईनासे झाले. शेवटी ठरले, या उन्हाळ्यात एक शेवटचा नाच, त्यात एव्हर्ट जमेल तेवढे वाजवतील, आणि मग हाल्विक्स बंद. हे ऐकल्यापासून इंगेला मला दुपारी चोरून वाजवू लागली. भाता अगदी हलके ओढायची, लेक जागी होऊ नये म्हणून. लोकांसमोर वाजवायची मात्र तिला धास्ती होती.

नाचाच्या संध्याकाळी ऊन अजून तळ्यावर होते. एव्हर्टनी कशीबशी चार गाणी रेटली. मग गायकाने बायकांची फेरी पुकारली. या वेळी जोडीदार बायका निवडतात. मेर्टा थेट मंचापाशी आली.

"एव्हर्ट, ऊठ. आयुष्यभर लोकांबरोबर नाचले. आता तुझ्याबरोबर."

"आणि वाजवणार कोण?"

"तुझी मुलगी. मी वरच्या मजल्यावर राहते, बहिरी नाहीये."

मंचाच्या कडेला बसलेली इंगेला मागे सरकली. स्टिगने एव्हर्टचा कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. "घाल गं. एक बरणी कमी दिसते."

पहिले गाणे तिने खाली मान घालून वाजवले. ते संपताच ती माझा पट्टा खांद्यावरून उतरवू लागली. पण फरशीवरून कोणीच हलले नाही. सगळ्या जोड्या हात धरून उभ्या होत्या, मध्ये एव्हर्ट आणि मेर्टाही.

"अगं, आईबापाला अर्ध्या ताटावरून उठवतेस?" स्टिग कुजबुजला.

तिने पट्टा पुन्हा चढवला. या वेळी भाता पूर्ण उघडला, कोणी झोपले नसल्यासारखा! माझी घडीन् घडी मोकळी झाली. फरशी दणाणली, खुर्चीवरची म्हातारी माणसेसुद्धा उठली. एव्हर्टना पावले येत नव्हती, मेर्टा हसत त्यांना ओढत होती. त्यानंतर इंगेलाने शेवटपर्यंत वाजवले. बागेच्या मालकांनी तिथेच पुढच्या उन्हाळ्यातला एक शनिवार मागितला, आणि स्टिगने कोणाला न विचारता होकार दिला. हाल्विक्स बंद झाला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला नुसते पुसून ठेवू नका. आमचा भाता घडीतच विरतो. त्याला अधूनमधून वारा पाजा.

मंडळी बसमध्ये सामान भरत होती. इंगेलाने मला पेटीत निजवले. शेजारी तुवा दालचिनीचा पाव खात उभी होती.

"आई, आता बँडमध्ये तू वाजवणार?"

"हो गं राणी."

"मग तुझ्याबरोबर कोण नाचणार?"

कडीवर गेलेला इंगेलाचा हात तसाच थांबला.