नम्रताबद्दल मला विचारू नका

मी इंदूबाईंचा बटणांचा फोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं पोचवत आलो, आज थोडं माझं ऐका. खोपोलीच्या शिळफाट्यावरून बाईंनी मला लोधिवलीला आणलं, त्याला आठ वर्षं झाली. पाठीचं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे, पण आवाज खणखणीत.

बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून मी कायम स्पीकरवर. त्या फोन हमखास उचलतात, म्हणून आळीतला जो तो फॉर्मवर माझाच नंबर टाकतो. गॅस, शाळा, दवाखाना. मला त्याचा गर्वच होता म्हणा ना.

शेजारच्या नम्रतानेही टाकला. शिलाई मशीनसाठी मोबाइलवरून कर्ज घेताना. पुढे तिला टायफॉइड झाला आणि दोन हप्ते चुकले.

एका दुपारी ओटीवर बचत गटाच्या बायका पापड लाटत होत्या. मी वाजलो. बाईंनी पिठाच्या हातानेच बटण दाबलं आणि वसुलीवाला माझ्या तोंडून ओरडला, "नम्रता तुमचीच ना? पैसे बुडवते ती. सांगा तिला, नाहीतर गावभर बोंब मारू."

लाटणी थांबली. नम्रता तिथंच बसली होती. ती उठून निघून गेली. माझी बॅटरी तेव्हाच का संपली नाही, असं झालं मला.

नंबर दिला म्हणजे आपण जामीन झालो, असं बाईंना वाटलं. कुंपणाशी जाऊन त्या म्हणाल्या, "मला कशाला अडकवलंस गं? आता माझं घर नेतील!" फोन रोज येत राहिले. बायकांनी नम्रताकडे ब्लाउज टाकणं बंद केलं. ती ओटीवर यायचीही थांबली.

बाईंची लेक समिधा खालापूरला वकिलाकडे काम करते. ती रविवारी आली, तेव्हाही वसुलीवाल्यासाठी मी वाजलो. तिने त्याचं बोलणं माझ्यातच रेकॉर्ड केलं आणि मग म्हणाली, "आई, तू सही केलीस का कुठं? नाय ना? मग तू जामीन नायस. आणि तिच्या कर्जाचं तुला सांगून तिची बदनामी करायचा यांना हक्क नाय. रिझर्व्ह बँकेचा नियमच हाय."

नम्रताला सोबत घेऊन तिने कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार केली. पुरावा म्हणून माझं रेकॉर्डिंग जोडलं. महिन्याच्या आत कंपनीची लेखी माफी आली, हप्तेही झेपतील असे करून मिळाले. बाई स्वतः ब्लाउजपीस घेऊन नम्रताकडे गेल्या. "चुकलं गं माझं," म्हणाल्या.

माझ्या तोंडून एवढं घाणेरडं बाहेर पडूनही त्यांनी मला टाकलं नाही. समिधाने तर मला साक्षीला उभं केलं. दोघींचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडे असा फोन आला तर घाबरू नका, आणि ऐकलेलं पुढे सांगू नका, एवढंच मागतो.

परवा पुन्हा एक अनोळखी नंबर आला. "नम्रताला ओळखता का?"

ओटीवर सगळ्यांनी कान टवकारले. बाई म्हणाल्या, "वळखते तर! बलाऊज झकास शिवते. बाकीचं तिचं तिलाच इचार."

शेजारी बसलेली नम्रता खळखळून हसली. बाईंनी फोन बंद करायचं बटण दाबायच्या आत ते हसू मी पलीकडे पोचवलं.