निळा अंगठा

सहा वर्षं बाबांनी एका फोनची वाट पाहिली. तो आला तेव्हा ते अंघोळ करत होते, आणि कानाला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"कारखान्याचा?"

मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाईट वाटलं, कारण कशासाठी बोलावलंय ते मी ऐकलं होतं.

बाबा शिड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. थोरल्या मालकांचा एकच नियम होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शिडीवर बाबांनी टोकापर्यंत चढायचं, वर तीन उड्या मारायच्या, उतरायचं, आणि खालच्या पायरीच्या पोटाला निळ्या रंगात अंगठा उमटवायचा. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. आई म्हणायची, "लोकांचे नवरे नोकरीत वर चढतात. आमचे चढतात ते संध्याकाळपर्यंत उतरतातच." दुकानात रंगारी आणि वायरमन शिडी आडवी करून अंगठा शोधायचे. तो सापडला की पुढे एकही प्रश्न विचारायचे नाहीत.

मग गुडघे गेले. निरोप समारंभात बाबांच्या अंगठ्याचा ठसा कागदावर घेतला, आठवण म्हणून. त्या आठवणीचा रबरी शिक्का झाला. शिड्या धडाधड खपत होत्या, चढत बसायला सवड कुणाला! यंदा एक रंगारी बाई दहाव्या पायरीवरून पडली. तिचा पाय मोडला. शिडीवर अंगठा अगदी सुबक होता.

मी बाबांना घेऊन गेले. आवारात परत आलेल्या शिड्यांचा ढीग पडला होता. बाबा वाकून एकेक पाहत होते.

"ही माझी नाही. हीसुद्धा नाही. माझा इतका नीट कधी उमटला नाही." मग ते थांबले. "ही माझी आहे. वीस वर्षांची असेल. हिला काय झालं?"

"काही नाही झालं, काका," थोरल्या मालकांची लेक म्हणाली. आता कारखाना तीच बघते. "अंगठा दिसला की लोक घाबरतात. सरसकट परत करतात."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. बाबांनी त्या जुन्या शिडीवर हात ठेवला.

"शिक्का मी स्वतः जाळला," ती म्हणाली. "तुम्ही परत आलात असं कळलं की लोक विश्वास ठेवतील. रोज यायचं, खुर्चीत बसायचं, फक्त अंगठा लावायचा."

आत सगळं तसंच होतं. तीच भिंत, तीच रंगाची ताटली. बाबांनी ताटली नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. मग अंगठा बुडवून नव्या शिडीपाशी वाकले. मी मनात म्हटलं, लावा हो बाबा, लावून टाका एकदाचा. यासाठीच तर सहा वर्षं काढलीत.

"हिच्यावर कोण चढलं?" त्यांनी विचारलं.

"चढतील ना काका, नंतर."

बाबांनी शिडी उभी केली आणि पाय टाकला. दुसऱ्या पायरीवर गुडघ्याने नाही म्हटलं. ते उतरले.

"तू चढ," ते तिला म्हणाले.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग चपला काढल्या. अर्ध्यावर ओरडली, "काका, ही हलतेय!"

"शिडी नाही, तू हलतेयस."

ती टोकाला पोचली. तीन उड्या मारल्या, अगदी घाबऱ्याघाबऱ्या. खाली आली तेव्हा घामाने चिंब झाली होती. बाबांनी ताटली तिच्यापुढे धरली.

"माझा अंगठा?" ती म्हणाली. "तो कोण ओळखतं?"

"कुणी नाही. एकतीस वर्षं लागतात."

तिने अंगठा लावला. तो फिसकटला. बाबा त्याच्याकडे इतक्या मायेने बघत राहिले की मला बाहेर जावं लागलं.

परतताना त्यांनी निळा अंगठा सदऱ्यापासून लांब धरला होता. तो पुसायला घरी मी चिंधी आणि रॉकेल आणलं. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे गं दोन दिवस," ते म्हणाले.