राखाडी पँटची कंबर

माझ्या लेकीला माझी नणंद जेवू घालते आणि मी खाली दुकानात मशिनवर बसून जळते. खोटं कशाला बोलू?

दुकान खाली, घर वर. कपडे सैल-घट्ट करून देणं, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं हा माझा धंदा. मशिन थांबवली की वरच्या स्वयंपाकघरातला आवाज खाली येतो, चमच्याचा, खुर्ची सरकल्याचा. म्हणून जेवणाच्या वेळी मी मशिन थांबवते. समोर गिऱ्हाईक असलं तरी थांबवते. त्या दिवशी वरून हसू ऐकू आलं. ठकीचं हसू. वर्षभर कान आसुसले होते त्या हसण्याला, आणि ऐकायला मिळालं ते दुसरीच्या वाट्याचं. हातातल्या कोटाची बाही मी उलटी शिवली.

ठकी म्हणजे माझी एकुलती एक लेक, वय सतरा. तिचं खाणं कमी झालं तेव्हा आम्हाला ते नखरे वाटले, मग हट्ट वाटला, मग अभ्यासाचा ताण. ती ताटात भात इकडून तिकडे करायची, सगळ्यांना वाढायची, स्वतः उठून जायची. एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडली आणि इस्पितळात कळलं, की तिची नाडी झोपलेल्या म्हातारीपेक्षाही हळू चाललीय. अ‍ॅनोरेक्सिया, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे हिला भूक लागत नाही?" त्या म्हणाल्या, "भूक लागते. पण खाल्लं की अपराध केल्यासारखं वाटतं. हे ती मुद्दाम करत नाहीये."

घरी पाठवताना त्यांनी नियम सांगितले. सध्या अन्न हेच औषध. ताट मोठ्या माणसानं वाढायचं आणि ते संपेपर्यंत समोर बसायचं. जेवण झाल्यावरही थोडा वेळ तिला एकटं सोडायचं नाही. वाद घालायचा नाही, आणि "शहाणी गं माझी" असं कौतुकही करायचं नाही. ती ओरडेल, तेव्हा तुमची मुलगी नाही, आजार ओरडतोय असं समजायचं. वजन पुन्हा घसरलं तर परत भरती, आणि मग नाकातून नळी.

नळी हा शब्द ऐकून मी घाबरले आणि कंबर कसून समोर बसले. पहिल्याच दुपारी ठकीनं उकडलेला बटाटा भिंतीवर मारला. मी दह्याची वाटी मारली. बटाटा आजारानं मारला होता, वाटी मात्र मीच मारली होती. असं आठवडाभर चाललं. मी ओरडायची, ती ओरडायची, आणि ताट तसंच राहायचं. शेवटी नवऱ्यानं मला न विचारता त्याच्या बहिणीला फोन केला.

ताई आल्या. जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात बसून लोकांच्या तक्रारी ऐकलेली बाई. आवाज म्हणून चढत नाही. समोर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसायच्या, ताटाकडे बघायच्या नाहीत, आणि मधूनच म्हणायच्या, "पुढचा घास, बाळा." आणि बाळ घास घ्यायचं! मला सोलून काढणारी तीच पोरगी आत्यापुढे गोगलगाय. वीस वर्षं भाजी मी चिरली, तेलमीठ मी घातलं, आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. माय मरो पण मावशी जगो, अशी म्हण तरी आहे. आत्याची म्हण कुणी केली नाही, पण आमच्या घरात आता करायची वेळ आली होती.

दवाखान्यात तर जास्तच जळफळाट. डॉक्टरबाई ताईंना म्हणाल्या, "तुमच्यामुळे पोरगी सावरतेय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही आत्याबाईंकडे बघून शिका." मी मान डोलावली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मान डोलावली.

वजन करताना ठकीला काट्याकडे पाठ करून उभं करत. आकडा फक्त आम्हाला कळायचा. पण ठकी माझी लेक, शिंप्याच्या दुकानात वाढलेली. तिचं स्वतःचं माप होतं. एक जुनी राखाडी पँट. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, की आजारातले कपडे घरातून काढून टाका. बाकीचे मी काढलेही. ती पँट तेवढी ठकी उशीखाली ठेवायची आणि रोज सकाळी दार लावून घालून बघायची. एका सकाळी दाराच्या फटीतून मला दिसलं, की बटण लागत नव्हतं. श्वास आत ओढून ती दोन्ही हातांनी ओढत होती. त्या दिवशी दुधाचा पेला आत्यापुढेसुद्धा दुपारपर्यंत पुरला.

पँट काढून घेतली असती तर घरात युद्ध झालं असतं. मी दुसराच विचार केला. धुवायला म्हणून पँट खाली नेली, मागची मधली शिवण उसवली, आत दाबलेलं कापड थोडं बाहेर काढलं आणि पुन्हा शिवलं. दोराही जुनाच वाटेल असा निवडला. जुन्या टाक्यांच्या भोकांवर वाफेची इस्त्री फिरवली, ब्रश मारला. कुठल्या गिऱ्हाइकाचं काम मी एवढं मन लावून केलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी बटण लागलं. ठकी बाहेर आली, अंडं खाल्लं, ब्रेड खाल्ला.

ताई शब्दकोड्यात बघत होत्या. मी मनात म्हटलं, बसा तुम्ही तुमच्या उभ्या-आडव्या शब्दांत. घास कुणामुळे गेला ते मला विचारा.

मग मी ते करतच राहिले. वजन चढलं की पँट धुवायला. दाबलेलं कापड संपलं तेव्हा कमरपट्टीच्या आत तसल्याच राखाडी कापडाची पट्टी जोडली. कुणालाच माहीत नव्हतं. ताईंना नाही, नवऱ्याला नाही, डॉक्टरबाईंना तर नाहीच. माझं म्हणून त्या घरात एवढंच होतं, आणि ते मी कुणालाही देणार नव्हते.

पण गुपित पोटात ठेवेन ती मी कसली!

एका रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. वजन डॉक्टरबाईंना हवं होतं त्याच्या जवळ आलं होतं, म्हणून नवरा खुशीत होता. तो म्हणाला, "ताई, तू नसतीस तर पोरगी आमच्या हाती लागली नसती." ताई म्हणाल्या, "अरे, मी काय केलं? नुसती बसले." आणि ठकीनं डोकं आत्याच्या खांद्यावर टेकलं. सहज, सवयीनं. माझ्या खांद्यावर ते डोकं कधी टेकलं होतं ते मला आठवेना, आणि माझं तोंड सुटलं.

"नुसत्या बसल्या ना? मग विचारा तिला, पँट अजून कशी बसते ते! मी खाली बसून ती कंबर सैल केली नसती तर एक घास गेला नसता तुमच्यानं!"

बोलून झाल्यावर कळलं, काय बोलले ते. ठकीनं डोकं वर घेतलं. उठून आत गेली, पँट घेऊन आली आणि टेबलावरच उलटी केली. मीच शिकवलं होतं तिला, कपडा बघायचा तो आतून. मागच्या शिवणीवर बोट फिरवलं, इस्त्रीखालून राहून गेलेली भोकं शोधली, पट्टी शोधली. पँट खाली ठेवली आणि ताट पुढे सरकवलं.

संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. ताईंनी सगळं केलं. कोडं घेऊन बसल्या, कोडं बाजूला ठेवून बसल्या, हात हातात घेऊन बसल्या. ठकी हळू आवाजात म्हणायची, "नको ना आत्या. सॉरी. खरंच नाही जात." ताईंचे डोळे भरून यायचे. नवरा माझ्याकडे बघायचासुद्धा नाही.

मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या झापतील. त्यांनी पँट कधीपासून सैल करतेय ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आजार तिला रोज सांगतो, की अंग वाढणं ही लाजेची गोष्ट आहे. तुम्ही ते लपवलंत, म्हणजे त्यालाच दुजोरा दिलात. आता लपवू नका. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या सकाळी घेऊन या." म्हणजे नळी.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि वर गेले. भात वाढला, भाजी वाढली, दुधाचा पेला भरला. ठकीसमोर ताई बसल्या होत्या. मी ताट ठेवलं आणि तिथेच उभी राहिले.

ठकीनं माझ्याकडे बघितलं. "आत्या, तू ऊठ. हिला बसू दे."

ताई उठल्या. मी बसले, आणि ठकी फुटली.

"खोटारडी! काट्यावर पाठ करून उभं करता, तेवढं पुरलं नाही? माझी पँटसुद्धा खोटी करायची? मला स्वतःचं अंगसुद्धा कळू द्यायचं नाही?"

उत्तर जिभेवर आलं होतं, चांगलं झणझणीत. मी ते गिळलं. कसं गिळलं ते माझं मला माहीत.

"हो," मी म्हटलं. "खोटं केलं मी. तुझं अंग वाढलंय. आणखी वाढायचंय. ती पँट आता तुला होणार नाही, मी कापून तिची फडकी केलीत. जेव."

"नाही जेवणार! तुझं तोंडसुद्धा बघायचं नाहीये मला!"

"नको बघूस. ताटात बघ."

तिनं चमचा आपटला. मी दुसरा दिला. तिनं मला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. आत्यासारखी आई का नाहीस, हेही म्हणाली. ते लागलं. नक्की कुठे लागलं, ते त्या पोरीला बरोबर माहीत होतं. मी म्हटलं, "पुढचा घास." आणि रडत, शिव्या देत, मधेच हुंदक्यानं ठसका लागून तिनं घास घेतला. मग पुन्हा ओरडली. मग पुन्हा घेतला. भात पार थंड झाला, पण संपला. दूधही संपलं. मग ती टेबलावर डोकं ठेवून रडत राहिली आणि मी हललेसुद्धा नाही.

ताई एवढा वेळ दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, काय हा तमाशा, अशानं पोर बरी होते का? मी तयारीत होते.

त्या म्हणाल्या, "इतके महिने मी बसले तिच्यापुढे. एकदासुद्धा ओरडली नाही गं माझ्यावर."

"तुम्हाला मान देते ती," मी म्हटलं.

"पाहुण्याला देतात तसा." त्यांचा आवाज चढला होता. त्या घरात पहिल्यांदाच. "मी तिला चांगली म्हणावं म्हणून जेवायची माझ्यापुढे. तुझ्यापुढे काय, वाटेल ते बोलते. तुझीच ना ती."

त्यांनी ठकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती नजर कसली ते मला कुणी सांगायला नको होतं. इतके महिने ती माझ्याच डोळ्यांत होती.

मी बाजूची खुर्ची ताईंसाठी ओढली. माझी सोडली नाही.