बारा ठोकळे

कामिनीने खोक्याचं झाकण उघडलं आणि तिथेच मटकन बसली.

"आई, याच्या चिठ्ठ्या कुठी गेल्या?"

मंदाबाईने कौतुकाच्या अपेक्षेनेच सगळं सांगितलं. काल पोरगी शेजारी गेली तेव्हा खोक्यातून कुबट वास आला. पाहिलं तर बारा पांढरे दगड, आणि साऱ्यांना भोकं. खोक्याला लागूनच बियाण्याचं धान ठेवलेलं. भोक दिसलं की आत कीड असणारच, हे आसगावात शेंबड्या पोरालाही कळतं. मग खाटेतल्या ढेकणांवर ओततात तसं तिने दगडांवर उकळतं पाणी ओतलं, राखेने घासलं, उन्हात वाळवलं. दगडांना बांधलेल्या चिठ्ठ्या ओल्या झाल्या, त्या चुलीत गेल्या.

कामिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात सांगू लागली. ते दगड नव्हते, समुद्रातल्या मेलेल्या प्रवाळाचे एका मापाचे ठोकळे होते. शहराचं सांडपाणी पडतं तिथे सहा आणि स्वच्छ पाण्यात सहा, असे दोन वर्षं बुडवून ठेवलेले. घाण पाण्यात प्रवाळ पोखरणारे जीव माजतात. ते किती खातात हे तिला मोजायचं होतं. आज नागपूरला एक्स-रे निघणार होते. चिठ्ठीशिवाय कोणता ठोकळा कुठला, हे ओळखायला दुसरी खूणच नव्हती. आणि तिची पीएचडीची शिष्यवृत्ती येत्या मार्चमध्ये संपत होती.

मंदाबाई पुढे सरकली.

"थांब. मले पाहू दे."

किडलेलं धान ती नुसतं मुठीत घेऊन ओळखायची. उभी हयात त्यात गेलेली. एकेक ठोकळा तळहातावर तोलून तिने दोन ढीग केले. हलके सात निघाले, जड पाच.

नागपूरच्या एसटीला वीस मिनिटं उरली होती. कामिनीने एक हलका ठोकळा उचलून जडांत ठेवला आणि वही उघडली. मंदाबाईने तो परत जागेवर आणला.

"हा पोकळ आहे. तिकडं कायले ठेवतं?"

"सहाच पायजेत, आई. कोनाले समजते?"

"तुले समजते ना."

कामिनी वहीकडे बघत राहिली. मग तिने वही मिटली, पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला आणि चूक माझीच झाली, खोकं मीच निष्काळजीपणे ठेवलं, असं सांगू लागली. मंदाबाईने तिच्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, मी कामिनीची आई. पानी मीनं टाकलं. पोरीले काही बोलू नका."

बाहेर एसटी येऊन निघून गेली. मंदाबाईने फोन कानावरून काढला नाही.