टोळीची पोरं उर्दू बालवाडीत

आमच्या मुकादमाला, सहादेवाला, देवानं आवाज दिला बैलाचा आन डोस्कं दिलं चिलटाचं. त्याच्याच टोळीत आमी दर साली पाथर्डीकडून कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला जायचो. मी राहीबाई, माजा नवरा आसाराम, आन आमची चार वरसांची केशर. आसाराम लई गरीब मानूस. मुकादम शिंकला तरी ह्यो "व्हय जी" म्हनायचा.

एकाहत्तर सालचा हंगाम. आदल्या साली मी केशरला कोपीच्या, म्हंजी आमच्या पाचटाच्या खोपटाच्या, मेढीला दोरीनं बांधून फडात जायची. समद्याच आया तसं करायच्या, न्हाईतर पोरं गाड्यांखाली जायची. येकदा सांच्याला आले तर दावं तोडल्याला बैल तिच्यापाशी हुबा, आन पोरगी मेढीला चिकटून गप. रडून रडून आवाज बसला हुता. तवाच मी आसारामला सांगितलं, फुडल्या साली पोरीला बांधनार न्हाई, मग तुजा मुकादम मला उलटा टांगू दे.

हंगाम लागला, कोप्या घातल्या आन मी केशरचा हात धरून कारखान्याच्या कॉलनीतल्या बालवाडीत गेले. तितल्या बाईनं आदी माजे पाय बगितले, मग पोरीचं नाक बगितलं, आन म्हनली, "ही फक्त कॉलनीतल्या मुलांसाठी आहे." अगदी शुद्ध बोलली हां, साखर घोळून. दार मातर तोंडावर लावलं.

दुसऱ्या दिवशी मशिदीमागं गनीभाई तांबोळ्याच्या शेळ्यांना उसाचं वाढं, हिरवं शेंडं, द्यायला गेले. त्यांची सून मेहताब घरच्याच पडवीत उर्दू बालवाडी चालवायची. केशर जी पडवीत शिरली ती भाईर यीना. मेहताबबाईनं तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं आन म्हनली, "राहू दे की हिला."

"बाई, आमी तुमच्यातले न्हाई," मी म्हनलं.

"मग काय झालं? दुपारची भाकर संगं दे म्हंजी झालं."

झालं! तवापास्नं रोज पहाटं झोपल्याली पोर खांद्यावर टाकून, कुनाला न सांगता, मी पडवीत नेऊन ठेवायची.

हे बरेच दिवस चाललं. मग येका सांच्याला मुकादम बिडी वढत बसला हुता. केशर गेली त्याच्या फुडं, कपाळाला हात लावला आन म्हनली, "सलाम, चाचा!" वर आलिफ, बे, पे सुरू केलं. मुकादमाची बिडी धोतरावर पडली.

"आसाराम! पोरगी बाटवली का रं?" धोतर झटकत तो वरडला. समदी टोळी गोळा झाली. "आपली भाशा सोडून ही काय मौलवीन हुनार हाय? उद्यापास्नं बंद! न्हाईतर टोळीतनं चालते व्हा."

"व्हय जी," आसाराम म्हनला. मेल्याच्या तोंडाला दुसरं काय येतच न्हाई!

मला असला राग आला. "मुकादम, आपल्या भाशेवाल्या बाईनं माजी पोर दारातनं हाकलली, तवा कुटं हुता तुमी? मेहताबबाईच्या पडवीत तिला कुनी मारीत न्हाई, बांधीत न्हाई."

"कोपीवर ऱ्हाऊ दे की. इतकी वर्सं ऱ्हात्यात पोरं, काय हुतंय?"

"काय हुतंय ते तुमीच बगा मग. उद्या केशर तुमच्यापाशी."

"ठेव की!" मिशीवर हात फिरवत मुकादम म्हनला. "त्यात काय हाय येवढं?"

बाया ऐकत हुत्या. मुकादमाची बायको बनुबाई तर कान टवकारूनच बसली हुती.

पहाटं गाड्या जुपल्या. मुकादम मागनं उठायचा, च्या पिऊन सावकाश फडावर यायचा. मी झोपल्याली केशर त्याच्या गोधडीत नेऊन घातली. वळून बगते तर मागं येकेक बाई आपापलं पोर काखंत घिऊन हुबी. शेवटाला बनुबाईनं आपला नातू त्याच्या उशाला ठेवला आन म्हनली, "समद्या दोऱ्या गाडीत टाका गं. म्हाताऱ्याला बांधायला काय गावाया नको."

फडात त्या दिवशी कोयत्यापरीस बायांची तोंडंच जास्ती चालली. मी बी हसत हुते, पर आतनं भ्याले हुते. खरंच टोळीतनं काढलं तर हंगामाच्या मदी आमाला कोन घेतंय? आन केशरला पुन्ना बांधायचं म्हनलं की हातच चालंना. दुपार टळली तरी मुकादम फडावर आला न्हाई.

सांच्याला कोपीवर आलो तर येक पोर जागंवर न्हाई. पळतच पडवी गाठली. दारात मुकादम बसल्याला, धोतर वलं, मिशीला भाताचं शीत, मांडीवर बनुबाईचा नातू झोपल्याला. आत समदी पोरं टाळ्या वाजवत गात हुती, निम्मं उर्दू, निम्मं मराठी.

मेहताबबाईला हसू आवरंना. "उन्हं तापायच्या आदीच आला, राहीबाई. येक खांद्यावर, दोन काखंत, बाकीची धोतराला धरून. म्हनला, बाई, काय बी शिकवा, पर ही आत घ्या."

मला वाटलं, आता मुकादम माज्यावर वरडनार. पर त्याचं तोंड पार उतरलं हुतं. "राहे," तो म्हनला, "तुजी केशर कोप्यांमागच्या इहिरीच्या काठावर गेल्ती गं. माजा हात जरा उशिरा पडला असता तर..." मी केशरला वढून पोटाशी धरली.

मग घसा खाकरून तो पुन्ना मुकादम झाला. "पर म्या बाईला सांगून टाकलंय. आलिफ-बे झालं की अ-आ-ई बी घ्यायचं. दोनी पायजेत."

"मी पैल्यापास्नं दोनी घेते," मेहताब म्हनली. "तुमी ऐकून कवा घेतलं?"

दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी गाड्या हुब्याच. "ए राहे, आवर! पोरं पडवीत सोडून मग फडावर जायचंय, गाड्या खोळंबल्यात!" मुकादम बोंबलत हुता. आजवर मी केशरला अंधारात, चोरावानी नेली हुती. झोपंतनं उठल्यावर तिचं तोंड कसं दिसतं, ते ह्या हंगामात मला बगायलाच मिळालं नव्हतं. मी तिला फुड्यात घेतली, केसांतला गुंता सोडवला, आन डोळं पुसत पुसत सावकाश दोन वेन्या घातल्या.

"आगं, आवर की!" मुकादम वरडला.

"थांबा जरा," मी म्हनलं, आन येक वेनी सोडून पुन्ना घातली.