खिंडीतल्या सहा माळा

शहर शत्रूच्या हाती पडल्याची बातमी आली तेव्हा बाबुत्सा अंगणात चुलीपाशी उभी होती. पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात तिनं सुतात ओवलेल्या अक्रोडांच्या माळा बुडवल्या होत्या आणि तयार झालेल्या त्या माळा, चुर्चखेला, वाळायला दांडीवर टांगत होती. कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "अगं बाई, अजून काय ढवळत बसलीस? खालचा रस्ता बंद झालाय. डोंगराकडे पळा!"

तिनं हाताला आल्या तेवढ्या सहा माळा टेबलावरच्या कापडात गुंडाळल्या. अजून ओल्याच होत्या, एकमेकींना चिकटल्या. नवऱ्यानं, एर्मिलेनं, चष्मा आणि काठी घेतली. सात वर्षांची नात, दोदो, दोघांच्या मध्ये. दोदोचे आईबाप शहरातच होते. त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते साकेन गावाच्या वर पोचले आणि बर्फ सुरू झालं. पुढं माणसं, मागं माणसं, सगळीच खिंड ओलांडून पलीकडच्या डोंगरी स्वान लोकांच्या गावांकडे निघालेली. कुणाच्या पायात घरातल्या सपाता, कुणाच्या अंगावर लग्नातला कोट. माळा कापायची सुरी बाबुत्साच्या हातात होती आणि हुकूमही तिचाच. सकाळी माणशी दोन अक्रोड, दुपारी दोन. दोदोला एक जास्त.

दोदो पेंगायला लागली की एर्मिले गोष्ट काढायचा. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. गावात त्याची एकच ख्याती होती: ग्रीकांचा प्रोमिथियस म्हणजे आपल्याच जुन्या गोष्टींतला अमिरानी, यावर तो कुणाशीही भांडायचा.

"ह्याच डोंगरात बांधलाय त्याला," तो म्हणाला. "त्याचा कुत्रा वर्षभर साखळी चाटतो. चाटून चाटून ती दोऱ्याएवढी होते. आता तुटणार, आता तुटणार, तेवढ्यात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी गावोगावचे लोहार ऐरणीवर घण घालतात. की साखळी पुन्हा जाड!"

"लोहारांचं काय बिघडवलंय त्यानं?"

"घाबरतात गं. सुटला तर आधी आपल्यालाच धरेल म्हणून."

"आणि ग्रीकांच्या गोष्टीत?"

"तिथं तो देवांची आग चोरतो. खाली माणसं थंडीनं मरत असतात म्हणून. मग देव त्याला ह्याच आपल्या डोंगरात आणून बांधतात, आणि गरुड रोज त्याचं काळीज खातो."

"मास्तर, तोंड मिटून चाल," बाबुत्सा म्हणाली. "दम पुरवून ठेव."

दुपारी एका कड्याखाली माणसं टेकली होती. तिथं जोतो नावाचा एक माणूस त्यांच्यापाशी आला. त्याची बायको घोंगडीत गुंडाळून पडली होती, पोटाशी तान्हं. "ताई, घासभर काहीतरी दे. तिला दूध येईना."

"नाही माझ्याकडे."

"कापडाला गोड वास येतोय, ताई."

"नाही म्हटलं ना! माझीही पोर आहे." ती वळून बसली. एर्मिले घोंगडीतल्या तान्ह्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कापड उघडलं. दोन माळा उरायला हव्या होत्या. एकच होती.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता.

"दिलीस?"

"दिली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"नातीच्या तोंडातलं काढून परक्याच्या बायकोला! मोठा देवमाणूस तू! सगळा जन्म गावाला शिकवण्यात घालवलास, घरात मीठ आहे का नाही ते कधी पाहिलं नाहीस." आजूबाजूची माणसं माना खाली घालून ऐकत होती. "तुझी वाटणी तू देऊन टाकलीस. आता माझ्याकडे हात पसरू नकोस."

"बरोबर आहे," एर्मिले म्हणाला.

तिला वाटलं होतं तो भांडेल, हात पुढं करेल, आणि मग ती दोन शिव्या घालून देईल. तो काठी घेऊन उठला आणि चालायला लागला. दुपारी तिनं सुरी काढली, दोदोला तीन दिले, स्वतः दोन घेतले. तो पलीकडे डोंगराकडे बघत उभा होता. "आजी, आजोबांना?" दोदोनं विचारलं.

"आजोबांना भूक नाही."

उतार लागायच्या थोडं आधी एर्मिले एका दगडावर बसला. "तुम्ही व्हा पुढं. मी बुटाची नाडी बांधतो." वीस पावलांवर बाबुत्सानं मागं पाहिलं. नाडी सुटलेलीच होती आणि त्याचे हात मांडीवर तसेच पडले होते. ती धावत आली. माळ उरली होती तेवढी तिनं दातानं तोडली, एक तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "चाव. ए मास्तर, चाव ना रे! घे, सगळी घे." तुकडा तोंडातच राहिला.

बर्फ वाढत होतं. मागची माणसं म्हणाली, "बाई, पोर गोठेल, चल." तिनं त्याच्या तोंडावर कापड टाकलं आणि दोदोचा हात धरून निघाली.

संध्याकाळच्या आत त्या दोघी स्वानांच्या चुबेरी गावात पोचल्या. एका स्वान बाईनं उकडलेले बटाटे पुढं केले. दोदोनं खाल्ले.

हिवाळा त्यांनी खाली झुगदिदी शहरात एका बंद वसतिगृहाच्या खोलीत काढला, आणखी दोन कुटुंबांबरोबर. जूनमध्ये बर्फ वितळून खिंड मोकळी झाली. बाबुत्साचा दीर त्या दोघींना घेऊन वर गेला. आपापली माणसं शोधायला कितीतरी जण आले होते. एर्मिले दगडापासून थोडा खाली सापडला. त्याला चुबेरीच्या स्मशानात, अनोळखी लोकांच्या शेजारी पुरलं. स्वान म्हातारे टोप्या काढून उभे राहिले. "थंडीनं फार माणसं नेली," त्यांतला एक म्हणाला.

"थंडीनं नाही," बाबुत्सा म्हणाली. "तो दिवसभर उपाशी चालला. माझ्याजवळ होतं, पण मी दिलं नाही."

"वहिनी, काहीतरी बोलू नकोस," दीर म्हणाला.

दोदो आता आठ वर्षांची झाली होती. तिनं आजीच्या मुठीतून आपला हात सोडवला. परतीच्या गाडीत ती चुलतआजोबांच्या शेजारी जाऊन बसली आणि झुगदिदी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.